रत्नागिरींतील विद्यार्थ्याचें बिऱ्हाड

शाळांचे आणि कॉलेजांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहेत. त्यांत संस्थापकांचीं नांवें असतात, देणग्यांचे आंकडे असतात, कोनशिला केव्हां बसली तेंही असतें. परंतु त्या इमारतींत शिकलेला परगांवचा मुलगा रात्रीं कोठें निजला, दोन वेळां कोणाकडे जेवला आणि आपल्या गांवाहून तेथवर कसा आला, याची नोंद बहुधा आढळत नाहीं. वास्तविक विद्येचा दरवाजा कोणास उघडा होता आणि कोणास बंद होता, हें फीच्या आंकड्यांवरून जितकें कळतें, तितकेंच तें बिऱ्हाडाच्या आणि वाटेच्या इतिहासावरून कळतें. आज मी रत्नागिरीच्या निमित्तानें हा इतिहास आपणांस थोडक्यांत सांगणार आहें.

प्रथम गांवाची ठेवण ध्यानांत घेतली पाहिजे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस काजळी नदीची भाट्याची खाडी, पूर्वेस कातळाचे सडे आणि त्यांच्या पलीकडे सह्याद्रीची भिंत, अशा कोंदणांत रत्नागिरी वसली आहे. इंग्रजी अमलांत हें जिल्ह्याचें मुख्य ठाणें झालें. कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ सरकारी इंग्रजी शाळा आली. १९८१ सालीं सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हा जिल्हा उत्तरेस बाणकोटपासून दक्षिणेस गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला होता. एवढ्या लांबट मुलुखांत ठिकठिकाणीं खाड्या आडव्या आलेल्या. खाडी म्हणजे तर, तर म्हणजे भरती-ओहोटीची वाट पाहणें. तेव्हां रत्नागिरीस इंग्रजी शिकावयाचें म्हणजे रोज जाऊन येणें नव्हे, तर तेथेंच राहणें, असाच अर्थ होता. आणि राहावयाचें तर कोठें?

या प्रश्नानें एका थोर पुरुषास रत्नागिरीहून परत पाठविलें आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं झाला. घरची अत्यंत गरिबी. पुढील शिक्षणासाठीं हा मुलगा सह्याद्रि ओलांडून पायीं रत्नागिरीस आला. शाळा होती, शिक्षक होते, मुलाची बुद्धि तर असामान्य होती. परंतु राहण्याजेवण्याची व्यवस्था टिकेना. अखेर त्यास कऱ्हाडास परतावें लागलें. पुढें वऱ्हाडांत अकोल्यास नातलगांच्या आश्रयानें आणि स्वतःच्या कष्टानें त्यांचें शिक्षण झालें व ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेले. तेथें त्यांची गांठ पडली ती रत्नागिरींत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांशीं. टिळकांचाही जन्म १८५६ चाच. वडिलांची बदली झाल्यामुळें १८६६ सालीं ते पुण्यास गेले होते. डेक्कन कॉलेजांत विद्यार्थ्यांची राहण्याची सोय होती. त्या वास्तव्यांत या दोघांच्या ज्या चर्चा झाल्या, त्यांतून १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीस बळ मिळालें. एका गांवीं बिऱ्हाड मिळालें नाहीं म्हणून जो मुलगा परतला, तोच दुसऱ्या गांवीं आश्रय मिळतांच महाराष्ट्राच्या शिक्षणाचा एक आधारस्तंभ झाला. परत गेलेले असे आणखी किती असतील, आणि त्यांपैकीं कितीजणांस अकोल्यासारखा दुसरा आधार मिळाला असेल, याचा विचार मनास अस्वस्थ करतो.

त्या काळीं गरीब विद्यार्थ्यापुढें मार्ग दोन होते. एक माधुकरी आणि दुसरा वार लावून जेवणें. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, अशीं सात घरें ठरलीं म्हणजे आठवडा पार पडे. निजावयास कोणाची ओटी, कोणाचा माडीवरचा कोपरा, नाहीं तर देवळाची पडवी. बदल्यांत पाणी भरणें, देवपूजा करणें, घरांतील लहान मुलांस शिकविणें हीं कामें असत. या रीतीची थट्टा करणें सोपें आहे. पण ज्या गृहिणींनीं स्वतःच्या तुटपुंज्या संसारांत परक्याच्या पोराचें पान मांडलें, त्यांचें ऋण महाराष्ट्रावर मोठें आहे. मात्र या उपकाराची सीमाही सांगितली पाहिजे. ही सोय मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलापुरती होती. कुणब्याचा, भंडाऱ्याचा, गाबताचा मुलगा त्या घरांत पंक्तीस बसणार नव्हता. महाराच्या मुलास तर ओटीवरही पाऊल ठेवतां येत नव्हतें. आणि मुलीचा प्रश्न कोणाच्या मनांतही आला नव्हता. शाळा सरकारी होती, तिचा कायदा सर्वांस सारखा होता; परंतु शाळेच्या दारापर्यंत नेणारें बिऱ्हाड जातीचें होतें. ज्यास बिऱ्हाड नाहीं, त्यास शाळाही नाहीं.

वाटेची गोष्ट याहून निराळी नव्हती. धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यांतील मुरूडचे. १८७५ च्या सुमारास मराठी सहावीच्या परीक्षेस बसण्यासाठीं ते निघाले, तेव्हां पावसाळ्यामुळें मुंबईचा समुद्रमार्ग मिळण्यासारखा नव्हता. म्हणून ते व त्यांचे सोबती भर पावसांत कुंभार्ली घाटानें पायीं साताऱ्यास गेले. एवढी पायपीट करून पोहोंचल्यावर, हा मुलगा वयानें लहान दिसतो, या कारणावरून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पुढें कांहीं काळ रत्नागिरीच्या शाळेंत काढून ते मुंबईस गेले आणि १८८४ सालीं बी. ए. झाले. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें पुढेंच आहे. मुंबईंतलें कर्व्यांचें स्वतःचें बिऱ्हाड हेंच कोंकणांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचें आश्रयस्थान झालें. पुढें केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोली तालुक्यांतील मुर्डीचे. त्यांच्याही शिक्षणास याच घराचा आधार मिळाला. कर्व्यांचे स्नेही नरहरपंत जोशी हे देवरुखचे. त्यांची बाळविधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत दाखल झाली. हें सदन १८८९ सालीं मुंबईस निघालें आणि गोदूबाई त्यांतील पहिली विधवा विद्यार्थिनी होत. १८९३ सालीं कर्व्यांनीं त्यांच्याशींच पुनर्विवाह केला. शारदासदन काय किंवा कर्व्यांनीं पुढें हिंगण्यास नेलेला अनाथ बालिकाश्रम काय, या संस्थांत वर्ग आणि निवास हीं एकाच छपराखालीं होतीं, हा योगायोग नव्हे. मुलास माधुकरी तरी होती. विधवेस कोणतें दार होतें? तिला शिकवावयाचें तर आधीं तिला घर देणें भाग होतें.

घाटावर हाच प्रश्न एका राजानें ओळखला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं पाहिलें कीं, खेड्यांतून आलेल्या मुलास राजधानींत राहावयास जागा मिळत नाहीं. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्यानंतर जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें झालीं आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग उघडलें. जातवार वसतिगृहें कशाला, असें आज आपण विचारूं. त्या काळीं सर्वांस एका पंक्तीस बसविणें घडण्यासारखें नव्हतें. महाराजांनीं वाद संपण्याची वाट न पाहतां मुलांची सोय केली. पुढचें पाऊल भाऊराव पाटलांनीं टाकलें. १९२४ सालीं त्यांनीं साताऱ्यास जें वसतिगृह काढलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामेंही स्वतः करीत. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. ज्या कऱ्हाडच्या मुलुखांतून आगरकर पायीं निघाले होते, त्याच मुलुखांतील काले या गांवीं भाऊरावांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली होती, हेंही येथें सांगण्यासारखें आहे.

रत्नागिरी या चळवळीपासून अगदींच दूर राहिली असें नाहीं. १९२४ ते १९३७ या काळांत सावरकर येथें स्थानबद्ध होते. शाळांतून अस्पृश्य मानलेल्या मुलांस इतरांबरोबर बसविण्याचा आग्रह त्या वर्षांत धरला गेला. १९३१ सालीं भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यानें पतितपावन मंदिर उभें राहिलें आणि १९३३ सालीं सर्व हिंदूंसाठीं खुलें असें उपाहारगृहही निघालें. विद्यार्थ्याच्या पोटाच्या इतिहासांत उपाहारगृहाची बाकें कांहीं लहान नव्हेत. खाणावळीच्या पाटावर ज्यास बसतां येत नाहीं, त्यास त्या गांवांत शिकतां येत नाहीं.

परंतु मॅट्रिकनंतर काय? १९४५ पर्यंत रत्नागिरीच्या मुलास कॉलेजसाठीं गांव सोडावेंच लागे. मुंबईस एल्फिन्स्टन व विल्सन, पुण्यास १८८५ पासून फर्ग्युसन, कोल्हापुरास राजाराम, सांगलीस १९१९ पासून विलिंग्डन. मुंबईस जाणारा मुलगा गिरगांवांत नाहीं तर परळ-लालबागेंत एखाद्या नातलगाच्या खोलींत पथारी टाकी. गिरणीकामगारांनीं गांवाच्या नांवानें भाड्यानें घेतलेल्या खोल्यांतूनही कित्येक मुलें राहून शिकलीं. कामगार पाळीवर गेला कीं त्याच्या जागेवर विद्यार्थ्यानें पुस्तक उघडावें. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. त्यांनींही विद्यार्थिदशेंतील अभ्यास परळच्या चाळींतील एकाच खोलींत, घरचीं माणसें निजलेलीं असतां, पहाटे उठून केला. गावीं ओटी नाकारणारा समाज होता. शहरांत निदान भाड्याची खोली होती. ती कितीही कोंदट असो, तिनें ज्ञानाचा मार्ग बंद केला नाहीं.

त्यांतही मौज अशी कीं, कॉलेजचें वर्ष आणि समुद्राचें वर्ष यांचें कधीं जमलें नाहीं. टर्म सुरू होई जूनमध्यें; आणि कोंकणच्या आगबोटी मे महिना संपतांना बंद होत, त्या पाऊस ओसरेपर्यंत. ज्यास बोट गांठावयाची, त्यानें कॉलेज उघडण्यापूर्वींच गांव सोडावें; नाहीं तर आंबा घाटानें कोल्हापूर गाठून तेथून आगगाडी धरावी. बंदरांतही सुख नव्हतें. बोट दूर पाण्यांत उभी राही आणि ट्रंक, वळकटी, आंब्याची करंडी यांसह लहान होडींतून तिच्यापर्यंत जावें लागे. हा प्रवास निर्धोक होता असेंही नाहीं. १९२७ सालच्या नोव्हेंबरांत ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटी बुडाल्या. १९४७ सालच्या जुलैंत मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडून सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. किनाऱ्यावरच्या आया मुलास बोटींत बसवून देवास नारळ ठेवीत, तो केवळ रिवाज नव्हता.

अशा स्थितींत रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीनें १९४५ सालीं गांवांतच कॉलेज काढलें. हल्लीं तें गोगटे-जोगळेकर महाविद्यालय या नांवानें प्रसिद्ध आहे. या घटनेनें प्रवासाची दिशा फिरली. जें गांव आपलीं मुलें बाहेर पाठवीत असे, तेंच आतां लांजें, राजापूर, संगमेश्वर, गुहागर येथील मुलांस बोलावूं लागलें. म्हणजे जो प्रश्न रत्नागिरीकर मुलें गिरगांवांत घेऊन जात, तो आतां रत्नागिरीच्याच दारीं येऊन उभा राहिला.

त्याचें एक उत्तर अनपेक्षित बाजूनें आलें. १९४८ सालच्या जूनच्या पहिल्या तारखेस पुणें-अहमदनगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली आणि पुढें ही एस. टी. कोंकणच्या खेड्यापाड्यांत पोहोंचली. श्रोतेहो, ‘वस्तीची गाडी’ हा शब्द शहरांतील मंडळींस कदाचित् परिचित नसेल. संध्याकाळीं शेवटची म्हणून जी गाडी खेड्यांत जाते, ती रात्रीं तेथेंच मुक्काम करते. ड्रायव्हर-कंडक्टर गांवांतच निजतात आणि पहाटे तीच गाडी उतारू घेऊन शहराकडे निघते. या गाडीनें जितक्या विद्यार्थ्यांस बिऱ्हाड दिलें, तितकें क्वचितच कोणत्या वसतिगृहानें दिलें असेल. मुलगा आपल्या आईच्या हातचें जेवून निघतो आणि रात्रीं आपल्याच अंगणांत उतरतो. खोलीचें भाडें नाहीं कीं खाणावळीचें बिल नाहीं. आजही विद्यार्थ्यास महिन्याच्या पासांत दोनतृतीयांश सवलत मिळते आणि शाळकरी मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेखालीं पास मोफत मिळतो. कित्येक मुलींचें शिक्षण या पासावर उभें आहे. कारण मुलीस परगांवीं खोली घेऊन ठेवण्यास जो बाप तयार होत नाहीं, तो तिला सकाळच्या गाडींत बसवून देण्यास तयार होतो. अर्थात् याचीही किंमत आहे. पहिल्या तासाला डुलकी घेणारा मुलगा आळशी नसून पहाटे चार वाजतां उठलेला असतो, हें ज्यानें वर्गांत शिकविलें आहे त्यास ठाऊक असतें. शेवटची गाडी चुकूं नये म्हणून प्रयोगशाळा, वाचनालय, खेळ आणि संध्याकाळचें व्याख्यान हीं सर्व त्यास सोडावीं लागतात. गाडी त्यास वर्गापर्यंत नेते. कॉलेजच्या जीवनापर्यंत नेतेच असें नाहीं.

मागील पन्नास वर्षांत चित्र पुनः पालटलें. १९७२ सालीं दापोलीस कृषि विद्यापीठ झालें. १९८१ सालीं रत्नागिरीजवळ शिरगांवास मत्स्य महाविद्यालय निघालें. त्यानंतर अभियांत्रिकी आणि अलीकडे २०२३ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलें. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग राष्ट्रास अर्पण झाला. आतां घाटावरचीं, मराठवाड्यांतलीं, विदर्भांतलीं मुलें रत्नागिरीस शिकावयास येतात. आगरकर ज्या दिशेनें आले, त्या दिशेनें आज मुलें येतात. फक्त पायीं येत नाहींत. रेल्वेचें स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूस आहे. तेथून रिक्षा अगर बस धरून मारुती मंदिरास उतरावें, आणि नाचणें, साळवी स्टॉप, शिवाजीनगर या भागांत खोल्यांची चौकशी करावी, हा आजच्या पालकांचा क्रम आहे. आसपासच्या खेड्यांस व शहरांत फिरण्यास एस. टी. च्या गाड्या मिळतात. ‘कॉट बेसिस’, ‘डिपॉझिट’, ‘मेसचा डबा’ हे शब्द आतां वार आणि माधुकरी यांच्या जागीं आले आहेत.

खोली पाहण्यास जाणाऱ्यांस एका जुन्या शिक्षकाच्या नात्यानें दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कोंकणांत खोली मे महिन्यांत पाहिली जाते आणि तींत राहावें लागतें जुलैंत. म्हणून भिंतीचा रंग पाहूं नये. छप्पर गळतें काय, ओले कपडे वाळविण्यास जागा कोठें, आणि उन्हाळ्यांत पाणी कोठून येतें, हें विचारावें. भाडें ठरवितांना कॉलेजपर्यंतचा रोजचा खर्च त्यांत मिळवावा. लांबची स्वस्त खोली पुष्कळदां महाग पडते. आणि करार लेखी असावा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानें तो लेखी व नोंदणी केलेला असणें आवश्यक आहे. त्यांत मालकाचें जितकें हित आहे तितकेंच भाडेकरूचें आहे.

परंतु कराराच्या कागदावर न येणारा एक प्रश्न अजून दाराशीं विचारला जातो. मुलगा खोली पाहण्यास येतो. भाडें त्यास मान्य असतें. मग मालक सहज विचारतात, ‘आडनांव काय?’ किंवा ‘मांस-मासळी खातां काय?’ आणि उत्तर ऐकून, खोली कालच गेली, असें सांगितलें जातें. ज्या गांवीं मासळी हाच अर्ध्या लोकांचा आहार, तेथें हा प्रश्न खाण्याविषयीं नसून खाणाऱ्याविषयीं आहे, हें उघड आहे. माधुकरीच्या काळीं घराची सीमा उघड होती. आज ती सभ्यतेच्या पडद्याआड गेली आहे, इतकेंच. सरकारनें मागास विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढलीं आणि जेथें जागा पुरत नाहीं तेथें स्वाधार योजनेनें रोख सहाय्यही देऊं केलें. पण हातीं पैसे दिले तरी खोली देणारें दार कोणी तरी उघडलेंच पाहिजे. तें दार सरकारचें नाहीं, आपलें आहे.

या दीडशें वर्षांच्या इतिहासांतून मला जें दिसतें तें एवढेंच. जुन्या घरगुती आश्रयांत माया होती, पण ती जातीबाहेर जात नव्हती. वसतिगृहानें जातीची भिंत प्रथम वळसा घालून आणि मग पाडून ओलांडली, पण त्याच्या खाटा नेहमींच अपुऱ्या पडल्या. भाड्याच्या खोलीनें विद्यार्थ्यास कोणाचा मिंधा ठेवला नाहीं, पण तापानें फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवणारें तेथें कोणी नाहीं. या तिन्हींतील चांगलें एकत्र आणणें कायद्यास साधणार नाहीं; तें गृहस्थाश्रमी माणसांसच साधेल. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मुलें नोकरीनिमित्त दूर गेलीं आहेत आणि एखादी खोली बंद आहे. ती भाड्यानेंच द्या, योग्य भाडें घ्या, करारही करा; पण दाराशीं आलेल्या मुलास कोणतें आडनांव असें न विचारतां कोणत्या वर्गांत शिकतोस असें विचारा.

आणखी एक विनंती करून मी आपली रजा घेतों. रत्नागिरींत ज्या बायकांनीं वर्षानुवर्षें खाणावळी चालविल्या, डबे पुरविले, परक्या मुलांचीं दुखणीं काढलीं, त्यांपैकीं कांहीं आज वृद्धापकाळीं हयात आहेत. त्यांच्याकडे जेवलेलीं मुलें आतां मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालीं असतील. त्यांनीं कोठें राहिलों, काय जेवलों, कोणीं ठेवून घेतलें आणि कोणीं दार लावलें, हें जसें घडलें तसें लिहून ठेवावें. कॉलेजाच्या पुढच्या इतिहासांत देणगीदारांच्या यादीनंतर चार पानें या मजकुराची पडलीं, तर तो इतिहास पुरा होण्याच्या वाटेस लागेल.